निवडणूक खर्च, देणग्या आणि आचारसंहिता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की उमेदवारांचे हिशेब लिहिणारे कार्यकर्ते, देणगीदार, रोकड घेऊन प्रवास करणारे व्यापारी आणि जागरूक मतदार यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तेथे उत्तर लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांना लागू आहे, असे समजावे. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी प्रश्न १९ पाहावा.

१. उमेदवाराने किती खर्च करावा याला मर्यादा आहे का?

आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये इतकी मर्यादा आहे. गोव्यात हेच आकडे अनुक्रमे ७५ लाख आणि २८ लाख रुपये आहेत. ही मर्यादा निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ९० मध्ये दिलेली असून सध्याचे आकडे जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. मोठ्या पक्षाचा उमेदवार असो की अपक्ष, मर्यादा सर्वांना सारखीच असते. पक्षाने स्वतः केलेल्या खर्चाचे काय होते, ते प्रश्न ८ मध्ये सांगितले आहे.

२. खर्च नेमका कोणत्या दिवसापासून मोजला जातो?

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७७ नुसार उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकाल जाहीर होण्याच्या दिवसापर्यंतचा खर्च मोजला जातो आणि त्यात हे दोन्ही दिवस धरले जातात. त्यामुळे अर्ज भरायला जाताना काढलेल्या मिरवणुकीचा खर्चही हिशेबात येतो. झेंडे, उपरणी, पत्रके असे साहित्य आधीच विकत घेऊन ठेवले आणि वापरले मात्र अर्ज भरल्यानंतर, तर त्याची किंमतही दाखवावी लागते.

अर्ज भरण्यापूर्वीच्या काळात जे साहित्य वापरून संपले, ते मात्र या मोजणीच्या बाहेर राहते. निवडणुकीच्या वर्षभर आधीपासून चौकाचौकांत लागणारे वाढदिवसाचे फलक, मोफत यात्रा, आरोग्य शिबिरे, क्रिकेटचे चषक यांवर इच्छुक मंडळी किती खर्च करतात हे सर्वांना दिसते, तरीही कलम ७७ त्या खर्चापर्यंत पोहोचत नाही. या कायद्यातील सर्वांत मोठ्या उणिवांपैकी ही एक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

३. कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ताही खर्चात धरतात का? त्याचे दर कोण ठरवते?

होय, धरतात. मंडप, व्यासपीठ, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, वाहनांचे भाडे, इंधन, चालकाचा भत्ता, ढोल-ताशा पथक, हार, चहा, वडापाव, जेवणाची थाळी अशा प्रत्येक बाबीचा दर जिल्हा निवडणूक अधिकारी राजकीय पक्षांशी चर्चा करून निश्चित करतात आणि ती दरसूची उमेदवारांना दिली जाते. निवडणूक यंत्रणेची पथके उमेदवाराचा खर्च याच दरांनी मोजतात. त्यामुळे ओळखीच्या मंडपवाल्याने निम्म्या दराचे बिल दिले, तरी त्या बिलावर विसंबून राहता येत नाही.

फुकट मिळालेल्या वस्तूंबाबत गैरसमज फार आहेत. एखाद्याने आपले सभागृह किंवा जीप विनामूल्य वापरायला दिली, तर उमेदवाराच्या खिशातून पैसे गेले नाहीत हे खरे असले, तरी त्या सुविधेची बाजारभावाने होणारी किंमत त्याच्या खर्चात नोंदवावी लागते.

४. हिशेब कोणत्या स्वरूपात ठेवायचा? रोखीने पैसे देता येतात का?

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. उमेदवाराचे स्वतःचे पैसे, पक्षाने दिलेली रक्कम आणि इतरांकडून आलेल्या देणग्या हे सारे या खात्यातूनच फिरले पाहिजे. अर्ज भरताना उमेदवाराला एक नोंदवही मिळते. तिच्या पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख रकमेचा हिशेब आणि पिवळ्या पानांवर बँकेचा हिशेब लिहायचा असतो. प्रत्येक नोंदीला पावती किंवा बिलाचा क्रमांक जोडावा लागतो.

संपूर्ण निवडणुकीच्या काळात एका व्यक्तीला किंवा संस्थेला मिळून १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देता येत नाही. २०१८ पूर्वी ही मर्यादा २०,००० रुपये होती आणि जुन्या सवयीने अजूनही काही जण तोच आकडा धरून चालतात. येथे ‘मिळून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मंडपवाल्याला पहिल्या सभेसाठी ६,००० आणि दहा दिवसांनी दुसऱ्या सभेसाठी आणखी ६,००० रुपये रोख दिले, तर दोन्ही पावत्या वेगवेगळ्या पाहिल्या असता नियमात बसतात, मात्र बेरीज १२,००० होत असल्याने नियमभंग होतो. त्यामुळे ज्याच्याकडे पुन्हा जावे लागण्याची शक्यता आहे, त्याचे पैसे पहिल्यापासूनच धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावेत.

५. हे हिशेब निवडणुकीच्या काळात कोणी तपासते का?

निवडणूक आयोगाने नेमलेले खर्च निरीक्षक प्रचाराच्या काळात किमान तीन वेळा नोंदवही तपासतात. तपासणीच्या तारखा आधी कळवल्या जातात आणि उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने अथवा अधिकृत व्यक्तीने नोंदवही घेऊन हजर राहायचे असते. त्याच वेळी यंत्रणा आपली वेगळी छाया निरीक्षण नोंदवही ठेवत असते. व्हिडिओ पथक सभेत जाऊन खुर्च्या, फलक, वाहनांचे क्रमांक यांचे चित्रीकरण करते, दुसरे पथक ते चित्रीकरण पाहून साहित्याची मोजदाद करते आणि लेखा पथक दरसूचीप्रमाणे खर्च काढून छाया नोंदवहीत लिहिते. तपासणीच्या दिवशी दोन्ही नोंदवह्या शेजारी ठेवल्या जातात. तफावत आढळली तर नोटीस येते आणि तिला मुदतीत लेखी उत्तर द्यावे लागते. उत्तर न देणे म्हणजे तफावत मान्य करणे, असाच अर्थ लावला जातो.

६. मी पराभूत झालो, अनामतही जप्त झाली. तरीही हिशेब द्यावा लागेल का?

होय. निकालापासून ३० दिवसांच्या आत प्रत्येक लढणाऱ्या उमेदवाराने आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे दाखल केलाच पाहिजे. ज्याने मुदतीत अर्ज मागे घेतला, त्याला हे बंधन नाही. निकालानंतर साधारण २६ व्या दिवशी जिल्हा निवडणूक अधिकारी उमेदवारांची ताळमेळ बैठक घेतात. तीत राहिलेल्या तफावती मिटवण्याची अखेरची संधी मिळते आणि ती कोणीही चुकवू नये.

मुदतीत किंवा विहित पद्धतीने हिशेब दिला नाही आणि त्याला समाधानकारक कारणही नसेल, तर कलम १०अ नुसार निवडणूक आयोग आदेशाच्या तारखेपासून तीन वर्षांसाठी त्या व्यक्तीला अपात्र ठरवू शकतो. या कलमाचा फटका बहुतेकदा अपक्ष आणि लहान पक्षांच्या उमेदवारांना बसतो. त्यांनी पैसा उधळलेला नसतो, पण निकालानंतर घरी जाऊन त्यांनी ती वही पुन्हा उघडलेली नसते. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कोणी असा उमेदवार असेल, तर त्याला आमची कळकळीची विनंती आहे की खर्च अगदी थोडा असला तरी हिशेब द्या आणि दाखल केल्याची पोच जपून ठेवा.

७. खर्च मर्यादेबाहेर गेला किंवा कमी दाखवला, तर काय होते?

मर्यादेपेक्षा जास्त खर्च करणे हे कलम १२३(६) नुसार भ्रष्ट आचरण आहे. ते उच्च न्यायालयात निवडणूक याचिकेद्वारे सिद्ध झाले, तर निवड रद्द होते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

आयोग केवळ हिशेब वेळेत आला की नाही एवढेच पाहू शकतो, की तो खरा आहे का हेही तपासू शकतो, हा वाद बराच काळ चालला. महाराष्ट्रातील भोकर मतदारसंघाच्या २००९ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अशोक चव्हाण विरुद्ध माधवराव किन्हाळकर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये आयोगाला हिशेबाचा खरेपणा तपासण्याचा अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. तेव्हा त्या प्रकरणाचा उल्लेख करताना अधिकार मान्य झाला आणि आदेश टिकला नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत. बातमीच्या रूपात छापून आणलेल्या जाहिरातींचा, म्हणजे पेड न्यूजचा, खर्च लपवल्याबद्दल उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले होते.

८. उमेदवाराला मर्यादा आणि पक्षाला नाही, हे कसे?

पक्षाच्या खर्चाला कायद्यात खरोखरच कमाल मर्यादा नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच मर्यादेत धरला पाहिजे. त्याच वर्षी कलम ७७ मध्ये स्पष्टीकरण घालून हा निर्णय निष्प्रभ करण्यात आला. २००३ च्या दुरुस्तीने ही सूट बरीच आवळली. आता पक्षाच्या नेत्यांचा प्रवास आणि कोणत्याही विशिष्ट उमेदवाराचे नाव न घेता केलेला पक्षाचा सर्वसाधारण प्रचार एवढाच खर्च उमेदवाराच्या हिशेबाबाहेर राहतो.

पक्षांना आपल्या निवडणूक खर्चाचे विवरण आयोगाकडे द्यावे लागते. विधानसभा निवडणुकीनंतर त्यासाठी ७५ दिवसांची आणि लोकसभा निवडणुकीनंतर ९० दिवसांची मुदत असते. तथापि, विवरण देणे आणि मर्यादेत राहणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. उमेदवाराच्या वडापावाची मोजदाद होते आणि त्याच मतदारसंघावर पक्षाच्या नावाने ओतल्या जाणाऱ्या रकमेला कमाल आकडाच नाही, ही विसंगती दूर झाल्याशिवाय ४० लाखांच्या मर्यादेला पूर्ण अर्थ येणार नाही.

९. स्टार प्रचारकाची सभा आणि हेलिकॉप्टर यांचा खर्च कोणाच्या नावावर पडतो?

मान्यताप्राप्त पक्षाला ४० आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला २० स्टार प्रचारकांची नावे देता येतात. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून सात दिवसांत ही यादी आयोगाला कळवावी लागते. यादीतील व्यक्तीचा प्रवासखर्च पक्षाचा मानला जातो. यादी मुदतीत दिली नाही, तर ही सवलत मिळत नाही.

सवलत फक्त प्रवासाला आहे, सभेला नाही. उमेदवार व्यासपीठावर असेल, त्याच्या नावाची घोषणा झाली असेल किंवा त्याचे छायाचित्र असलेले फलक मैदानावर असतील, तर सभेचा खर्च त्याच्या खात्यावर येतो. तीन उमेदवार व्यासपीठावर असतील तर तो तिघांत विभागला जातो. उमेदवाराने स्टार प्रचारकासोबत हेलिकॉप्टरमधून प्रवास केला, तर त्या प्रवासाचा निम्मा खर्च उमेदवाराच्या नावे लागतो. स्टार प्रचारक स्वतःच उमेदवार असेल, तर त्याच्या मतदारसंघाच्या आत फिरण्याचा खर्च त्याच्या हिशेबात धरला जातो.

१०. मी साधा कार्यकर्ता आहे. स्वतःच्या पैशाने पत्रके छापून वाटली तर चालेल का?

उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय असे करू नये. त्याच्या सर्वसाधारण किंवा विशिष्ट लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात किंवा पत्रके यांवर खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार गुन्हा असून त्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवानगी घेतली, तर तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात दाखवावा लागतो. म्हणजे दोन्ही वाटांनी त्याची नोंद अटळ आहे.

छपाईचा नियम वेगळा आणि छापखानदारांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७अ नुसार प्रत्येक पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशक या दोघांची नावे आणि पत्ते असले पाहिजेत. प्रकाशकाने दोन ओळखीच्या व्यक्तींच्या साक्षीने घोषणापत्र दिल्याखेरीज मुद्रकाने काम हाती घेऊ नये. उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रात्रीतून भिंतींवर लागणारी निनावी बदनामीकारक पत्रके रोखण्यासाठी हे कलम आहे.

११. समाजमाध्यमांवरील प्रचाराला हे नियम लागू आहेत का?

२०१३ पासून लागू आहेत. उमेदवाराने आपली अधिकृत खाती प्रतिज्ञापत्रात नमूद करायची असतात. समाजमाध्यम कंपनीला जाहिरातीसाठी दिलेले पैसे, रील आणि चित्रफिती बनवण्याचा मोबदला आणि खाती सांभाळणाऱ्या मुलांचे मानधन हे सारे खर्चात येते. पैसे देऊन केलेली जाहिरात प्रसारित करण्यापूर्वी माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना हे बंधन नेहमीच असते, तर वृत्तपत्रांतील जाहिरातींना मतदानाच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी असते.

नागरिकाने आपल्या खात्यावर, पैसे न घेता, मांडलेले मत ही जाहिरात नव्हे आणि त्याला पूर्वपरवानगी लागत नाही. पैसे घेऊन ‘मत’ मांडणाऱ्या लोकप्रिय खात्यांची गोष्ट वेगळी आहे. तो मोबदला उमेदवाराच्या वतीने दिला गेला असेल, तर तो उमेदवाराचा खर्चच आहे, आणि तो पकडणे यंत्रणेला अवघड जाते हे मान्य करावे लागेल.

१२. मला देणगी द्यायची आहे. रोख किती देता येईल आणि माझे नाव जाहीर होईल का?

पक्षाला देणगी द्यायची की उमेदवाराला, हे आधी ठरवावे, कारण दोहोंचे नियम वेगळे आहेत. पक्षाला एका देणगीदाराकडून २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. स्वीकारल्यास पक्षाची आयकर सवलत धोक्यात येते. एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांहून अधिक देणगी देणाऱ्यांची नावे पक्षाने आयोगाला कळवायची असतात आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. त्याखालील देणगीदारांची नावे जाहीर करण्याची सक्ती नाही. उमेदवाराला मात्र एका व्यक्तीकडून १०,००० रुपयांपर्यंत रोख घेता येते आणि प्रत्येक देणगीदाराचे नाव-पत्ता नोंदवहीत लिहावा लागतो.

नोंदणीकृत पक्षाला बँकेमार्फत दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीत वजावट मिळते. रोख देणगीवर, उमेदवाराला दिलेल्या देणगीवर आणि नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. ‘धनादेशाने द्या, कमिशन कापून रोख परत करतो’ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. ही करचुकवेगिरी आहे आणि त्यात देणगीदारही अडकतो.

१३. माझा भाऊ परदेशात असतो. त्याने पाठवलेले पैसे चालतील का?

भावाचे नागरिकत्व भारतीय असेल तर चालतील. तो कोठे राहतो याला महत्त्व नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर त्याच्याकडे भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड असले तरी त्याची देणगी परकीय स्रोतातील ठरते आणि परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार उमेदवार, पक्ष व लोकप्रतिनिधी यांना ती घेण्यास मनाई आहे. त्याने तुमच्या खात्यावर पैसे पाठवायचे आणि तुम्ही ते पक्षाला द्यायचे, ही पळवाट नव्हे.

१४. निवडणूक रोखे रद्द झाल्यानंतर कंपन्या देणगी कशी देतात?

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी देणगीदाराचे नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देऊ देणारी निवडणूक रोखे योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. पक्षांच्या निधीची माहिती मिळणे हा मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भाग आहे, हे त्या निर्णयाचे सार होते. स्टेट बँकेने दिलेली १२ एप्रिल २०१९ पासूनची माहिती मार्च २०२४ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केली आणि कोणी कोणत्या पक्षाला किती दिले, हे प्रथमच जुळवता आले.

त्याच निर्णयाने २०१७ मध्ये काढून टाकलेली मर्यादाही परत आणली. त्यामुळे कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येते. कंपनी स्थापन होऊन तीन वर्षे झालेली असावी लागतात, संचालक मंडळाचा ठराव लागतो आणि सरकारी कंपनीला देणगी देताच येत नाही. थेट देणगीशिवाय निवडणूक न्यासाचा मार्ग आहे. न्यासाने वर्षभरात जमा झालेल्या देणग्यांपैकी ९५ टक्के रक्कम पक्षांना वाटायची असते. सरकारी कंत्राटे असणाऱ्या खाजगी कंपनीला देणगी देण्यास आपल्याकडे वेगळी मनाई नाही. कंत्राट आणि देणगी यांच्या तारखा शेजारी ठेवून पाहणे, हे काम पत्रकारांवर आणि नागरिकांवरच येऊन पडते.

१५. व्यापाराची रोकड नेताना पथकाने अडवले आणि रक्कम ताब्यात घेतली. आता काय करावे?

आचारसंहितेच्या काळातही सामान्य नागरिकाने स्वतःची रोकड बाळगणे हा गुन्हा नाही. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता असलेल्या वाहनात ५०,००० रुपयांहून अधिक रोकड सापडली, किंवा मतदारांना वाटण्याचा संशय यावा अशा १०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या भेटवस्तू सापडल्या, तर जप्ती होऊ शकते. प्रत्यक्षात नाक्यावरील स्थिर सर्वेक्षण पथक आणि भरारी पथक सर्वांनाच विचारणा करतात. म्हणून बँकेतून पैसे काढल्याची नोंद, विक्रीची बिले, बाजार समितीची पट्टी, ओळखपत्र असे कागद सोबत असावेत. रक्कम १० लाखांहून अधिक असेल तर आयकर विभागाला कळवले जाते.

रक्कम घेतली तर पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. प्रत्येक जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची तक्रार निवारण समिती असते. गुन्हा दाखल नसलेल्या आणि कोणत्याही उमेदवाराशी किंवा पक्षाशी संबंध न आढळलेल्या जप्तीची तपासणी करून ती रक्कम परत करण्याचे आदेश समिती देते. तुम्ही अर्ज केला नाही तरी समितीने स्वतःहून प्रकरण पाहायचे असते, पण कागदपत्रांसह अर्ज केल्यास निर्णय लवकर होतो. गुन्हा दाखल नसताना असे प्रकरण मतदानानंतर सात दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित ठेवता येत नाही.

१६. दिवाळीचा फराळ, हळदी-कुंकवाचे वाण, मंडळाला वर्गणी ही लाच ठरते का?

मत मिळवण्याच्या हेतूने मतदाराला दिलेली कोणतीही वस्तू, पैसा किंवा सोय ही लाच आहे. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे आणि घेणाराही दोषी ठरतो. केवळ खाणे-पिणे किंवा करमणूक यांच्या रूपात दिलेल्या लाचेला दंडाचीच शिक्षा आहे.

मंडळाला, देवस्थानाला किंवा वस्तीला दिलेली रक्कम हा अधिक नाजूक भाग आहे. घासीराम विरुद्ध दलसिंह या १९६८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंत्र्याने वस्त्यांना दिलेला निधी, मतांचा सौदा सिद्ध झाला नसल्याने, लाच मानला नव्हता. म्हणजे ‘एवढे घ्या आणि मते द्या’ हा दुवा पुराव्याने जोडावा लागतो. पाच वर्षे दरवर्षी सारखीच वर्गणी देणारा आणि याच वर्षी दसपट देणारा यांच्या हेतूतील फरक न्यायालयालाही दिसू शकतो. उमेदवारांना आमचा सल्ला असा की, अर्ज भरल्यानंतर अशी कोणतीही देणगी देऊ नये.

जाहीरनाम्यातील सर्वसाधारण आश्वासन मात्र लाच ठरत नाही. तमिळनाडूतील मोफत वस्तूंसंबंधीच्या २०१३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले आणि त्याचबरोबर आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले.

१७. मंत्री सरकारी दौऱ्यावर येऊन सभा घेऊ शकतात का?

नाही. आदर्श आचारसंहितेनुसार शासकीय दौरा आणि प्रचार यांची सांगड घालता येत नाही, प्रचारासाठी सरकारी वाहन किंवा कर्मचारी वापरता येत नाहीत आणि नव्या योजना, अनुदाने व भूमिपूजने जाहीर करता येत नाहीत. आचारसंहिता हा संसदेने केलेला कायदा नाही, त्यामुळे केवळ तिच्या भंगासाठी तुरुंगवास होत नाही. मात्र तिच्यातील बऱ्याच गोष्टी स्वतंत्र कायद्यांनुसार गुन्हा किंवा भ्रष्ट आचरण ठरतात. प्रचारासाठी शासकीय कर्मचाऱ्याची मदत घेणे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३(७) मध्ये येते.

१८. आपल्याकडे लॉबिंग कायदेशीर आहे का?

लॉबिंग करणाऱ्यांची नोंदणी किंवा त्यांच्या भेटीगाठींची जाहीर नोंद बंधनकारक करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. उद्योग संघटना, शेतकरी संघटना किंवा कामगार संघटना यांनी निवेदन देणे, मंत्र्यांना भेटणे आणि आपली बाजू मांडणे पूर्णपणे वैध आहे. पैसा किंवा अन्य लाभ देऊन निर्णय वळवला की भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ लागू होतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारा आणि लोकसेवकावर वजन टाकण्यासाठी पैसे घेणारा मध्यस्थ हे दोघेही त्याच्या कक्षेत आहेत.

सभागृहातील मत किंवा भाषण यांसाठी लाच घेतलेल्या सदस्याला १९९८ च्या निर्णयामुळे विशेषाधिकाराचे संरक्षण मिळत असे. सीता सोरेन प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी ते संरक्षण काढून टाकले. त्याआधी डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांना संसदेतून निष्कासित करण्यात आले होते. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. कोण कोणाला कशासाठी भेटले, हे सांगणारी तशी नोंद मंत्रालयांमध्येही असली पाहिजे आणि त्यासाठी कायदा व्हायला हवा.

१९. विधान परिषद, महानगरपालिका आणि ग्रामपंचायत यांना हेच नियम लागू आहेत का?

नाहीत. निवडणूक खर्चाचे प्रकरण फक्त लोकसभा व विधानसभा यांना लागू आहे, असे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ७६ मध्येच म्हटले आहे. त्यामुळे राज्यसभा आणि विधान परिषद, म्हणजे पदवीधर व शिक्षक मतदारसंघसुद्धा, खर्चमर्यादेपासून मुक्त आहेत. लाच देण्याविषयीचे कायदे मात्र तेथेही लागू होतात.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि प्रत्येक संस्थेसाठी खर्चाची मर्यादा तोच ठरवतो. त्यामुळे विधानसभेचे आकडे तेथे वापरू नयेत. ग्रामपंचायतीच्या उमेदवारांनी विशेष सावध राहावे. हिशेब न दिल्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ब नुसार पाच वर्षांची अपात्रता येते, म्हणजे विधानसभेच्या उमेदवारापेक्षाही अधिक.

२०. मी फक्त मतदार आहे. मला उमेदवाराचा हिशेब पाहता येतो का?

होय, आणि तो जरूर पाहावा. निवडणूक संचालन नियमांच्या नियम ८८ नुसार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे दाखल झालेला हिशेब एक रुपया शुल्क भरून कोणालाही पाहता येतो आणि ठरलेले शुल्क देऊन साक्षांकित प्रतही मिळते. सभेतील खर्च डोळ्यांनी पाहिला असेल, तर हिशेबातील त्या तारखेची नोंद काढून खुर्च्या आणि वाहने यांची संख्या ताडून पाहणे अवघड नाही. प्रचार चालू असताना पैसे किंवा वस्तू वाटताना दिसल्या, तर सी-व्हिजिल ॲपवर छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवता येते. तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही व्हावी अशी त्या व्यवस्थेची रचना आहे. १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही तक्रार नोंदवता येते.

निकालानंतर निवड रद्द करून घेण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे उच्च न्यायालयातील निवडणूक याचिका. ती त्या मतदारसंघातील मतदार किंवा उमेदवार दाखल करू शकतो, त्यासाठी २,००० रुपये सुरक्षा ठेव भरावी लागते आणि मुदत निकालापासून ४५ दिवसांची असते. ही मुदत न्यायालयही वाढवून देऊ शकत नाही. उमेदवाराला हिशेब देण्यासाठी ३० दिवस मिळतात, हे लक्षात घेतले की अडचण कळते. महाराष्ट्र विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला. हिशेब देण्याची अखेरची तारीख २३ डिसेंबर होती आणि याचिकेची ७ जानेवारी २०२५. उमेदवाराने शेवटच्या दिवशी हिशेब दिला असेल, तर तो मिळवणे, तपासणे, पुरावे गोळा करणे, वकील शोधणे आणि याचिका लिहून दाखल करणे यासाठी मतदाराच्या हाती १५ दिवस उरतात. म्हणून ज्याला हे काम करायचे आहे, त्याने हिशेबाची वाट न पाहता प्रचाराच्या काळातच तारीख, ठिकाण आणि वाहनांचे क्रमांक लिहून ठेवायला सुरुवात करावी आणि छाया निरीक्षण नोंदवहीची प्रतही (प्रश्न ५) निकाल लागताच मागावी.